निव्वळ व्यक्तिगत द्वेष

अच्युतराव वैरागडे त्या दिवशी मनातून खूश होते, आणि ते घरातल्या कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून त्यांनी चेहरा जमेल तेवढा पाडला होता. घरावर संकट आलं होतं हे खरं. पण संकट त्यांच्या खात्यातलं होतं. भोपाळला गृह विभागात त्यांची अख्खी नोकरी दुसऱ्यांच्या द्वेषावर टिपणं लिहिण्यात गेली. कोणी कोणाच्या देवाला शिवी दिली, कोणी कोणाच्या भाषेवरून गाव पेटवलं, की त्याची फाईल जिल्ह्यातून निघून त्यांच्या टेबलावर यायची. कारण असल्या खटल्याची कोर्टानं दखल घ्यायची तर आधी सरकारची मंजुरी लागते. मंजुरी द्यावी किंवा देऊ नये असं सुचवून, खाली बारीक सही ठोकून, ते फाईल वर सरकवत. निवृत्त झाल्यापासून या विषयातलं त्यांना कोणी एक अक्षर विचारलं नव्हतं. आता खुद्द त्यांच्याच कुटुंबाविरुद्ध तक्रार झाली होती.

तक्रार केली होती शेजारच्या ओझाजींनी, ते मूळचे उत्तर प्रदेशातल्या बलियाचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वैरागड्यांकडून मारबत निघते. अच्युतरावांचे वडील पुंडलिकराव नोकरीसाठी आर्वीहून जबलपूरला आले तेव्हा दोन्ही गावं एकाच प्रांतात होती आणि राजधानी नागपूर होती. पुढे प्रांत फुटला, नागपूर तिकडे गेलं, जबलपूर इकडे राहिलं, आणि पुंडलिकराव आपली रीतभात घेऊन इकडेच राहिले. महाराजपूरच्या त्या कॉलनीत मारबत एकाच अंगणातून निघते: गवताची एक मारबत, म्हणजे बाईचा पुतळा, तिच्या जोडीला गवताचाच एक गडी, बडग्या, दोघांना घरातले जुने कपडे, आणि मागून डबे बडवत "ईडा, पिडा, रोगराई, खोकला घेऊन जा गे मारबत!" असा गजर. गल्लीच्या टोकाला मोकळ्या प्लॉटवर दोघांना जाळायचं, हातपाय धुवायचे आणि घरी येऊन गोड खायचं. इतकी साधी गोष्ट.

यंदाच्या बडग्याला मात्र पांढरी बंडी होती, चौकड्याची लुंगी होती, खांद्यावर लाल गमछा होता आणि नाकावर तारेचा चष्मा. ओझाजी रोज संध्याकाळी आपल्या ओट्यावर नेमके याच थाटात बसतात. त्या संध्याकाळीही बसले होते. त्यांनी स्वतःला समोरून मिरवत जाताना पाहिलं, मग जळताना पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी ते ठाण्यात गेले. वैरागडे परिवारानं भाषेच्या आणि जन्मस्थानाच्या नावावर बाहेरून आलेल्या लोकांविरुद्ध वैर पसरवलं, असं त्यांनी लिहून दिलं. गुन्हा अजून नोंदला नव्हता. वरिष्ठांच्या परवानगीनं आधी चौकशी व्हायची होती, आणि त्यासाठी एएसआय पटेल दुपारी घरी येणार होते.

"पहिली गोष्ट, घाबरायचं नाही," जेवणं उरकल्यावर अच्युतरावांनी बैठकीच्या खोलीत सगळ्यांना बसवून सांगितलं. "आणि दुसरी, मी सांगतो तेवढंच बोलायचं."

"त्यापेक्षा मी आत्ताच जाऊन ओझाजींच्या पाया पडून येतो ना, बाबा," त्यांचा मुलगा विनय म्हणाला. "त्यांनी मला स्कूटर शिकवली होती. भला माणूस आहे जी तो."

"पाया पडले म्हणजे गुन्हा कबूल केला," त्याची बायको जया म्हणाली.

"तू काहून मधात बोलून राहिली?"

"माझ्या पोरीची नोकरी मधात आहे, म्हणून बोलून राहिली."

त्या दोघांची मुलगी विनता सिव्हिल जजची परीक्षा पास झाली होती. नेमणुकीचा कागद यायचा होता, आणि त्याआधी पोलिसांची चारित्र्य पडताळणी व्हायची होती. तक्रारीत 'समस्त वैरागडे परिवार' असं लिहिलेलं होतं, आणि कोणीतरी गल्लीतून काढलेल्या व्हिडिओत समस्त परिवारातली विनता सगळ्यात पुढे, तेलाचा रिकामा डबा गळ्यात अडकवून जिवाच्या आकांतानं बडवत होती. द्वेष पसरवल्याच्या गुन्ह्यात नाव असलेल्या मुलीला कोण न्यायाधीश करणार?

या सगळ्याचं मूळ दिवाणावर मांडी घालून लसूण सोलत होतं. अनसूयाबाई, अच्युतरावांच्या थोरल्या बहीण. तरुणपणी विधवा होऊन माहेरी आल्या त्या घराच्या मालकीणच होऊन बसल्या. बडग्याला कपडे त्यांनीच घातले होते. चष्म्याची तार त्यांनीच वाकवली होती.

"ताई, कायदा समजून घे," अच्युतराव म्हणाले. "आपल्या देशात द्वेष हा गुन्हा नाही. त्या नावाचं कलमच नाही."

"मग हा पोलिस कशासाठी येऊन राहिला?"

"द्वेषाचं कारण पाहायला. धर्म, जात, भाषा, कुठं जन्मला, कुठं राहतो, या कारणांवरून समाजासमाजात वैर लावलं, तर जुनं एकशे त्रेपन्न-अ, नवीन एकशे शहाण्णव. तीन वर्षांपर्यंत कैद. पण एका माणसानं दुसऱ्या एका माणसाचा, तो जसा आहे तसा असल्यामुळं, मनसोक्त राग केला, तर सरकारचं काही म्हणणं नाही."

"म्हणजे ओझाचा राग केला तर चालते?"

"धावते."

"आणि ओझासारख्या सगळ्यांचा केला तर?"

"तर फाईल भोपाळला जाते."

अनसूयाबाईंनी सोललेली पाकळी वाटीत टाकली. सरकारची ही भूमिका त्यांना बरीच समजूतदार वाटली असावी.

"पण मी वाचलं बाबा, नवीन कायद्यात पाच किंवा जास्त जण असले की शिक्षा वाढते," जयानं विचारलं. "आपण तर चांगले दहा-बारा होतो."

"ते कोणाचं हाड मोडलं किंवा जीव घेतला तर. बडग्याला हाडं नसतात." अच्युतरावांना स्वतःचं हे वाक्य आवडलं. ते भोपाळला असते तर टिपणात घातलं असतं. "आपला बचाव एकच. निव्वळ व्यक्तिगत द्वेष. ओझाजी कुठले आहेत, काय बोलतात, याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. माणूसच खराब आहे. आता प्रत्येकानं एकेक कारण काढा."

जयाला कारणं काढायला कष्ट पडले नाहीत. ओझाजींच्या टाकीचं पाणी वाहून तिच्या कुरडया दोन उन्हाळे वाया गेल्या होत्या. त्यांनी भिंतीवरून डोकावणारा कढीपत्ता न विचारता छाटला होता. पहाटे त्यांची पूजा माइकवर चालायची. बोलता बोलता तिचा आवाज चढला, आणि इतका वेळ सासऱ्यांच्या कटात नाइलाजानं सामील झालेली जया आता मनापासून सामील झाली. विनयला मात्र एकही कारण सापडेना. त्यानं बराच विचार करून सांगितलं की ओझाजी त्याला पन्नाशीतही 'ए लड़के' म्हणून हाक मारतात.

"चालेल. थोडं रागानं म्हण."

"पर आजोबा," विनता पहिल्यांदाच बोलली. तिला मराठी सगळी समजते, पण बोलताना वाटेत हिंदी येतेच. "आत्याआजी वो भी तो बोली थी ना. 'बाहेरचे लोक घेऊन जा गे मारबत.' तीन-चार बार बोली."

अनसूयाबाईंनी लसणाचा दुसरा गड्डा फोडला.

"व्हिडिओत नुसता डब्यांचा आवाज आहे," अच्युतराव म्हणाले. "तो नारा फक्त ओझाजींच्या कागदावर आहे. आपण ईडापिडा म्हटलं. बस्स."

"और मला विचारलं तर?"

"तुला कशाला विचारतील?"

विनता त्यांच्याकडे बघत राहिली. लहानपणी ती याच नजरेनं त्यांना अवघड गणित विचारायची. अच्युतरावांनी चष्मा काढून पुसायला घेतला, आणि सकाळपासूनचा त्यांचा आनंद थोडा उतरला.

एएसआय पटेल आले ते घामानं निथळत, बगलेत एक कागदांचं पॅड आणि नव्या कायद्याचं पातळ पुस्तक घेऊन. त्यांच्यामागे ओझाजी. आज बंडी-लुंगी नव्हती. इस्त्रीचा सदरा होता, आणि गमछा मुद्दाम घरी ठेवलेला दिसत होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच ते या घरात न बोलता खुर्चीवर बसले. जयानं चहा आणि चिवडा पुढे केला. पटेलांनी घेतला. ओझाजींनी बशी हातानं दूर सारली, पण त्यातल्या शेंगदाण्यांकडे एकदा बघून.

"तो मामला है पुराना एक सौ तिरपन-क," पटेल पुस्तक चाळत म्हणाले, "और नया..."

"एक सौ छियानवे," अच्युतराव म्हणाले. "पान उलटा. त्याच्याच खाली."

"आपको तो सब याद है जी."

अच्युतराव नम्रपणे छताकडे बघू लागले. मग त्यांनी विषय मांडला. मारबतीचा इतिहास सांगितला, कायद्यातल्या हेतूचं महत्त्व सांगितलं, आणि हा द्वेष कसा एका व्यक्तीपुरता, जुना आणि सकारण आहे हे पटवण्यासाठी जयाला पुढे केलं. जयानं पाण्याच्या टाकीपासून सुरुवात केली. ती माइकपर्यंत पोचली तेव्हा पटेलांनी लिहिणं थांबवून चिवड्यावर लक्ष दिलं होतं.

"कढ़ी पत्ता हमने शौक से काटा?" ओझाजींना राहवलं नाही. "दीवार फाड़ रहा था! और आप लोग छत पर मिरची कूटते हैं, हमारी श्रीमतीजी तीन दिन छींकती हैं. हमने कभी थाने में कहा?"

"कहना था ना, कोणी अडवलं?" जया.

"और ए लड़के, तुम काहे मुँह लटकाए बैठे हो?"

"ये देखो!" विनय एकदम उठून उभा राहिला. "देखा आपने, सर? यही! अभी भी लड़का!" या घडीपर्यंत ओझाजींच्या बाजूचा असलेला विनय सगळ्यांदेखत फुटून इकडे आला, आणि त्यालाच त्याचं आश्चर्य वाटलं.

पटेल हसले. "ये तो मोहल्ले का झगड़ा है, ओझाजी. इसमें सरकार क्या करे? बस, एक नारे की बात रह गई." त्यांनी पॅडवर बोट ठेवलं. "आपने लिखा है, बाहर वालों को ले जा, ऐसा नारा लगा."

"नहीं लगा," अच्युतराव म्हणाले. "ईडा, पिडा, रोगराई, खोकला. तेवढंच."

सरकारी कागदासमोर ते आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले होते. शब्द तोंडातून सहज निघाले, पण कान गरम झाले. ओझाजींनी त्यांच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, आणि अच्युतरावांना रागच बरा वाटला असता.

पटेल विनताकडे वळले. "बिटिया, तुम तो कल को खुद जज बनोगी. डिब्बा भी तुम ही बजा रही थी. तुम बता दो, लगा था?"

जयानं पदराचं टोक मुठीत धरलं. विनय खाली बसला. विनतानं आत्याआजीकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, आणि सरळ पटेलांकडे बघून म्हणाली, "लगा था, सर."

अच्युतरावांना आधी संताप आला. मग भीती वाटली, की झालं, पोरीनं आपल्या हातानं आपली खुर्ची लाथाडली. आणि त्या भीतीच्या आत कुठेतरी, अगदी नको त्या वेळी, त्यांचा ऊर भरून आला. ही पोर पुढे जिथे बसेल तिथे लोकांना न्याय मिळेल असं त्यांना वाटलं. ती बसेल की नाही हा प्रश्न वेगळा होता.

"मैंने लगाया," अनसूयाबाई म्हणाल्या. लसणाची वाटी त्यांनी बाजूला ठेवली होती. "अकेली ने. लिखो. बाकी लोग ईडापिडा बोल रहे थे. बच्ची को कुछ मालूम नहीं था."

"ताई, तू चूप..."

"तू चूप रे अच्युत. तुझ्या खोट्यानं काही होऊन नाही राहिलं." त्या ओझाजींकडे वळल्या. "पंद्रह अगस्त को झंडे के नीचे माइक पर आप क्या बोले थे?"

ओझाजी गोंधळले. "हम? हमने तो बिटिया का सम्मान किया था. शॉल ओढ़ाया, नारियल दिया. पूरी कॉलनी के सामने कहा, महाराष्ट्र की बेटी ने हमारे मध्य प्रदेश का नाम रोशन किया."

"महाराष्ट्र की! ये पैदा कहाँ हुई? यहीं. इसका बाप यहीं. मेरा बाप यहाँ मरा, ग्वारीघाट पर जला. आप तो बाद में आए बलिया से, ओझाजी. मैंने आपका सामान उतरते देखा है. और मेरी पोती मेहमान?"

"हमने तो मान दिया, दीदी!"

"मेहमान को ही ओढ़ाते हैं शॉल."

पटेलांचा पेन हवेत राहिला.

"वो नारा मेरा नहीं था," अनसूयाबाईंचा आवाज खाली आला. "प्रांत टूटा तब मैं छोटी थी. स्कूल के रास्ते में लड़के पीछे लगते थे. बाहर वालो, जाओ नागपुर. रोज. मैं घर में किसी को बोली नहीं. इतने साल अंदर ही पड़ा था. उस दिन आग देखी और मुँह से वही निकला. आपके लिए निकला, वो गलत हुआ."

अच्युतराव बहिणीकडे बघत राहिले. ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्याच रस्त्यानं ते ताईचं बोट धरून शाळेत जात, आणि ताई एवढ्या भरभर का चालते म्हणून तिच्यावर चिडत.

"हमको गाँव में लोग जबलपुरिया कहते हैं," ओझाजी बोलले. कोणाकडे न बघता बोलले. "छठ में जाओ तो पूछते हैं, कब लौटोगे. यहाँ रहो तो बलिया वाले. चलो, कोई बात नहीं, नाम ही तो है. पर उस दिन अपने को जलते देखा, और ऊपर से वो नारा. श्रीमतीजी से कहा, अब हो गया, अब बता दिया इन लोगों ने."

पटेलांनी घसा खाकरला. माणसांचं बोलणं या वळणाला लागलं की पोलिसाला कामाची आठवण काढावी लागते. "तो अच्युतजी, आप तो जानकार हैं. नारा लगा है, ये भी मान रही हैं. धारा लगेगी कि नहीं?"

इतकी वर्षं ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो प्रश्न असा समोर आला. अच्युतराव उठून उभे राहिले, कारण साहेबांच्या केबिनमध्ये ते असे उभे राहून उत्तर देत. "मी आत्ता खोटं बोललो, ते काटा. नारा लगा था. नारे पर धारा बन सकती है." त्यांनी पटेलांचं पुस्तक मिटवून ठेवलं. "बन सकती है. लगानी चाहिए कि नहीं, ये इस बार मुझसे नहीं होगा. माझं घर आहे."

पटेलांनी ओझाजींकडे पाहिलं. जयानं पाहिलं, विनयनं पाहिलं. विनता तेवढी मान खाली घालून बसली होती. तिला जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं.

ओझाजी खुर्चीतून उठले आणि दिवाणाजवळ जाऊन उभे राहिले. अनसूयाबाईंना वाटलं, हा आता बोलेल ते बोलेल, ऐकून घ्यावं लागेल.

"दीदी, एक बात सच-सच बताइए," ओझाजी म्हणाले. "बैर हमसे है, कि हम सबसे?"

"सबसे काहे का?" अनसूयाबाई म्हणाल्या. "सबको मैं कहाँ जानती हूँ? आपसे है. अकेले आपसे."

"पक्का?"

"आप आए तब से है."

ओझाजींनी मोठा श्वास सोडला. त्यांचे खांदे सैल पडले, आणि त्यांनी हात मागे नेऊन चाचपडत खुर्ची शोधली. चेहऱ्यावर चक्क हसू होतं, डोळे मात्र भरले होते.

"तब ठीक है. लिख दीजिए दरोगाजी, आपस का मामला है. हमको लगा था, सबसे है."

पटेल लिहू लागले. आणि थोरला भाऊ गेला तेव्हा, नवरा गेला तेव्हा, बाप गेला तेव्हाही चारचौघांत डोळ्यांतून टिपूस न काढलेल्या अनसूयाबाई, त्या परक्या शेजाऱ्यासमोर, हमसून हमसून रडायला लागल्या.